अंगझडतीत मिळालेलं ओळखपत्र

फाइलच्या सातव्या पानावर अटक फॉर्म होता आणि त्यातल्या शिक्षणाच्या रकान्यात ‘अशिक्षित’ असं लिहिलेलं होतं. घाईतलं, पण सराईत अक्षर. चार पानं पुढे अंगझडतीचा पंचनामा: रोख १४० रुपये, मुदत संपलेला रेल्वेचा पास, एक चावी आणि ‘एक जुने शाळेचे ओळखपत्र, प्लॅस्टिकचे, कोपरा तुटलेला’. त्याच पंचनाम्याच्या तळाशी आरोपीची सही. अंगठा नव्हे, सही. नाव, वडिलांचं नाव, आडनाव, तिन्ही शब्द सुटे आणि प्रत्येकावर सरळ, न थरथरलेली शिरोरेषा. झेरॉक्सची झेरॉक्स असल्यामुळे बाकी सगळं पुसट झालेलं होतं, पंचांची नावं तर लागतच नव्हती. ही सही मात्र स्वच्छ वाचता येत होती, कारण मुलाने पेन दाबून लिहिलं होतं. ऑफिस रिकामं होत आलं होतं, शिपाई एकेक खिडकी लावत होता. मी टॅग सोडून दोन्ही पानं शेजारी-शेजारी ठेवली. एकाच पोलीस ठाण्यात, एकाच रात्री लिहिलेली. मुलाखत मंगळवारी होती. बाकी फाइलमध्ये अडखळावं असं काही नव्हतं, चोरीची साधी केस. पण गाडीत बसल्यावर, आणि घरी भाकऱ्या थापतानाही, ती सही डोळ्यांसमोरून हलेना.

मी परिवीक्षा अधिकारी, म्हणजे प्रोबेशन ऑफिसर आहे. आमचं काम दोन तारखांच्या मधलं. कोर्टाने दोषी ठरवलंय, शिक्षा अजून सुनावलेली नाही, अशा वेळी मॅजिस्ट्रेट विचारतात की हा माणूस आहे कोण, घरी कोण कोण आहे, तुरुंगाबाहेर ठेवला तर सावरेल का. १९५८ च्या परिवीक्षा कायद्याने हा प्रश्न विचारायची सोय केली. मुंबई इलाख्यात तर तसा कायदा १९३८ सालीच आला होता. आम्ही कागद वाचतो, माणसाला भेटतो, घरी जातो, शेजारीपाजारी आणि मालकाशी बोलतो आणि अहवाल देतो. हा अहवाल कायद्यानेच गोपनीय असतो, म्हणून मुलाचं नाव, दुकान, घराचा पत्ता यातलं काही इथे येणार नाही, आणि त्याला ओळखता येईल असे तपशील मी बदललेले आहेत.

तर फाइल. मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात कामाला असलेल्या मुलाने गिऱ्हाइकांनी दुरुस्तीला टाकलेले तीन फोन उचलले, ऑगस्ट २०२३. दोन मिळाले, एक मिळाला नाही. जुन्या दंडविधानाचं कलम ३८१, म्हणजे नोकराने केलेली मालकाच्या ताब्यातल्या मालाची चोरी, शिक्षा सात वर्षांपर्यंत. नवा कायदा जुलै २०२४ पासूनचा, त्यामुळे या केसला जुनीच कलमं. दोन महिने आत, मग जामीन. त्यानंतर कोर्टाच्या रोजनाम्यात तारखांमागून तारखा: आरोपी हजर, साक्षीदार गैरहजर, पुढील तारीख. आरोपी हजर, सरकारी वकील अन्य कोर्टात, पुढील तारीख. आणि एका दिवशी, फेब्रुवारीत, दीड ओळीत सगळं बदललेलं: ‘आरोपीस आरोप वाचून दाखविला. आरोपी गुन्हा कबूल करतो.’

ही दीड ओळ मी नेहमी थांबून वाचते. कबुलीमागे पश्चात्ताप असतो तसा हिशेबही असतो. प्रत्येक तारखेला एक दिवसाची मजुरी बुडते, वर येण्या-जाण्याचा खर्च. ‘कबूल कर, आत काढलेल्या दिवसांवर सुटशील,’ असं कुणीतरी सांगतं, बरेचदा दुसरा एखादा आरोपीच, कोर्टाच्या बाकावर. भोगलेली तेवढीच शिक्षा, म्हणजे सुटलोच, असं पोराला वाटतं. पण ती शिक्षाच असते. नावावर दोषसिद्धी राहते आणि पुढे चारित्र्य पडताळणीचा कागद मागणाऱ्या प्रत्येक नोकरीत ती उभी राहते. परिवीक्षेवर, म्हणजे शिक्षेऐवजी चांगल्या वर्तणुकीच्या बॉन्डवर सोडलेल्याला परिवीक्षा कायद्याच्या कलम १२ चं संरक्षण आहे, दोषी ठरल्यामुळे येणारी अपात्रता त्याला चिकटत नाही. घरी दोघेही त्याच संध्याकाळी पोहोचतात, पण पाच वर्षांनी दोघांची आयुष्यं दोन ठिकाणी असू शकतात. मॅजिस्ट्रेटनी या मुलाची कबुली घेऊन लगेच शिक्षा न सुनावता अहवाल मागवला, यासाठी मी मनातल्या मनात त्यांचे आभार मानले.

आमच्या कामात दोन मतं आहेत. काही सहकारी म्हणतात, आधी माणूस बघावा, मग कागद. कागद आधी वाचला की माणूस दिसत नाही, गुन्हाच दिसतो. मला ते मुळीच पटत नाही. माझी सुरुवात डोंगरीच्या निरीक्षणगृहात झाली. ती इमारत पूर्वी तुरुंग होती, टिळक-आगरकरांनी १८८२ साली १०१ दिवस तिथेच काढले. आता तिथे गुन्ह्यात सापडलेली मुलं असतात. तिथल्या एका बाईंनी मला फाइल वाचायला शिकवलं. पहिल्या वाचनाला हातात पेन धरू द्यायच्या नाहीत. सगळं सलग वाचायचं, कंटाळा आला तरी, पोलिसांचा अर्ज, वैद्यकीय तपासणी, मुद्देमालाची यादी, सगळं. दुसऱ्या वाचनाला प्रत्येक कागदावर तीन गोष्टी बघायच्या: लिहिला कुणी, कधी, आणि त्या वेळी लिहिणाऱ्याला काय हवं होतं. बाई म्हणायच्या, न वाचता मुलासमोर बसलीस तर त्याला सगळं पुन्हा सांगावं लागेल, आणि आत्तापर्यंत त्याने ते दहा जणांना सांगितलंय. तुला वाचून जावंच लागेल, तेवढं त्याचं देणं लागतेस.

पोलिसांच्या कागदांची एक भाषा असते. ‘यातील नमूद आरोपी’, ‘सदर इसम’, ‘समाधानकारक उत्तर दिले नाही’. मला तिचा राग येत नाही. ठाण्यात रात्रभर माणसं येत असतात, लिहिणारा एकटा असतो, ठरलेल्या वाक्यांशिवाय त्याचं काम उरकणार नाही. पण ती वाक्यं कुठून आली हे वाचणाऱ्याला माहीत असावं लागतं. या मुलाच्या ‘पूर्वीचे रेकॉर्ड’ या मथळ्याखाली दोन नोंदी होत्या. मथळा वाचूनच छाती दडपते. दोन्ही महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम १२२ च्या: सूर्यास्तानंतर व सूर्योदयापूर्वी, अस्तित्व लपवून, संशयास्पदरीत्या मिळून आला. एक रात्री पावणेतीनची, दुसरी साडेतीनची. दोन्ही मे महिन्यातल्या, दोन्ही लग्नाच्या हॉलच्या जवळपासच्या रस्त्यावरच्या. मे म्हणजे लग्नसराई. मी बाजूला पेन्सिलीने एवढंच लिहिलं: वाढपी? पहिली लोकल सुटेपर्यंत मानखुर्दला घरी जायला काहीच नसतं. केटरिंगची पोरं पाट्या, टोपं टेम्पोत चढवून झाल्यावर चालत निघतात. एवढ्या रात्री चालणारा अठरा-एकोणीस वर्षांचा मुलगा गस्तीच्या गाडीला कसा दिसेल, ते सांगायला नको.

पत्त्यांचंही तसंच. फाइलमध्ये तीन पत्ते होते आणि जामिनाला विरोध करताना त्यावर बोट ठेवलेलं होतं: आरोपी वारंवार राहण्याचे ठिकाण बदलतो, फरार होण्याची शक्यता आहे. मी तारखा लावून पाहिल्या. पहिल्या पत्त्यावरून दुसऱ्यावर अकरा महिन्यांनी, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर पुन्हा अकरा महिन्यांनी. मुंबईत भाड्याने राहिलेल्या कुणालाही हा आकडा समजावून सांगावा लागत नाही. करार संपला, मालकाने डिपॉझिट वाढवलं, टेम्पो बोलावला. भांडी गोणपाटात, टीव्ही गादीत गुंडाळलेला. ‘फरार होण्याची शक्यता’ लिहिणारा हवालदारही कदाचित असाच दर अकरा महिन्यांनी घर हलवत असेल, डोंबिवलीत किंवा बदलापूरला.

असं वाचत गेलं की आरोपीची बाजू घ्यायची ओढ लागते. ती ओढ मला ओळखू येते, आणि तिथेच मी स्वतःला फिर्यादीच्या जबाबावर आणून बसवते.

दुकानदाराचा जबाब दीड पानाचा होता. त्यातली दोन वाक्यं लेखनिकाची नव्हती, ती सरळ दुकानदाराच्या तोंडची होती, हे ऐकू येत होतं. ‘त्याचा जेवणाचा डबा माझ्या घरून येत असे.’ आणि, ‘मी माझ्या सख्ख्या भावास दुकानाची चावी दिलेली नाही, ती यास दिली होती.’ मी पुन्हा अंगझडतीच्या पंचनाम्याकडे गेले. रोख १४० रुपये, पास, एक चावी. म्हणजे पकडला तेव्हा दुकानाची चावी त्याच्या खिशातच होती. फोन विकून झाल्यावरही त्याने ती फेकली नव्हती, परतही केली नव्हती. ती अजून लाखेच्या सीलखाली मुद्देमालात असणार. तीन फोन गेले त्यापेक्षा त्या दुकानदाराचं जे गेलं ते या चावीत होतं, आणि ते नुकसान फिर्यादीतल्या कुठल्याच रकान्यात बसत नव्हतं. ज्यांचे फोन गेले त्या गिऱ्हाइकांनी त्याला काय काय ऐकवलं असेल! आपल्याकडे दुरुस्तीला टाकलेला फोन म्हणजे बँक, फोटो, पोरांचे निकाल, सगळं परक्याच्या ड्रॉवरमध्ये ठेवून येणं असतं. तो विश्वास गल्लीत एकदा गेला की पाटी बदलूनही येत नाही. माझ्या अहवालात पहिला परिच्छेद या माणसाचा असायला हवा, हे तिथेच ठरलं.

कागदांविषयी मी एवढं का बोलते, याचं कारण बहुतेक घरात आहे. आम्ही लालबागला चाळीत राहायचो, वडील गिरणीत होते. १९८२ च्या जानेवारीत संप सुरू झाला तेव्हा मी लहान होते; आठवतं ते एवढंच की भोंगा वाजायचा थांबला आणि वडील दिवसा घरी दिसू लागले. पुढे बऱ्याच वर्षांनी, ट्रंकेत रेशनकार्डाखाली मला एक घडी घातलेला कागद सापडला. शांतता राखण्याच्या बॉन्डची नोटीस. ‘सदर इसम हा तापट व भांडखोर स्वभावाचा असून त्याच्यापासून सार्वजनिक शांततेस धोका आहे.’ माझ्या वडिलांनी सकाळी सार्वजनिक नळावरच्या भांडणातही कधी आवाज चढवला नव्हता. नुसता तो कागद वाचून भेटायला गेले असते, तर मी त्यांना ओळखलंच नसतं. मी तो घेऊन त्यांच्यापुढे गेले, खोटं लिहिलंय म्हणून चिडून. ते चष्मा लावून शांतपणे वाचत राहिले. म्हणाले, ‘खोटं नाही गं. त्या दिवशी गेटवर मी दगड मारला होता.’ आणि कागद परत घडी करून दिला. नंतर त्यांना वॉचमनची एक बरी नोकरी मिळता मिळता राहिली, पडताळणीत काहीतरी निघालं म्हणून. तो कागद त्या एका दिवसापुरता खरा होता. पण चौकशीला आलेल्याने उरलेल्या दिवसांबद्दल कुणाला विचारलं नाही.

शुक्रवारी मी त्या शाळेत गेले. ओळखपत्र मुद्देमालात होतं, पण पंचनामा करणाऱ्याने शाळेचं नाव इमानदारीने उतरवून ठेवलं होतं, त्याच्यामुळेच पुढचं सगळं जमलं. पालिकेची शाळा, मधली सुट्टी, खिचडीचा वास आणि पायऱ्यांवर ओल्या चपलांचे ठसे. कार्यालयातल्या लेखनिकाने जनरल रजिस्टर काढलं. कापडी पाठीचं, दोन हातांनी उचलावं लागणारं. त्याने बोट फिरवत ओळ शोधली आणि बोट तिथेच धरून ठेवलं. जन्मतारीख १ जून २००४. पहिलीत घालायला नेलेल्या मुलाला गुरुजींनी दिलेली ती तारीख. आपल्याकडे गावोगाव अर्ध्या वर्गाचा वाढदिवस १ जूनला येतो. याची आई जालन्याकडची, जन्माची नोंद कुठे केलेली नसावी. पुढे प्रगती: समाधानकारक. वर्तणूक: चांगली. नववीची परीक्षा २०२० साली राज्यभर रद्द झाली तेव्हा हा दहावीत गेला. मग शाळा फोनवर भरू लागली, आणि शेवटच्या रकान्यात ‘सतत गैरहजर, नाव कमी केले’. लेखनिक रजिस्टर मिटता मिटता म्हणाला, ‘मॅडम, दहावीची ती बॅच. परीक्षा झालीच नाही त्या वर्षी. नाव राहिलं असतं तर हाही पास झाला असता.’ त्या वर्षी, २०२१ ला, राज्याचा दहावीचा निकाल ९९.९५ टक्के लागला होता. मी उताऱ्यासाठी अर्ज लिहून दिला आणि खाली रस्त्यावर येऊन चहा घेतला. बराच वेळ काही सुचलं नाही.

त्या १ जूनला कायद्यात वजन होतं. अटक फॉर्मवर त्याचं वय २० लिहिलेलं, वैद्यकीय तपासणीच्या कागदावर २२, जामिनाच्या कागदावर २१. कुठल्याही हिशेबाने तो आता एकवीस ओलांडलेला ठरत होता. शाळेच्या रजिस्टरप्रमाणे मात्र तो अजून विसाचा होता. परिवीक्षा कायद्याचं कलम ६ एकवीस वर्षांखालच्यांसाठी आहे: जन्मठेपेचा गुन्हा नसेल तर अशा मुलाला कोर्टाने सहसा तुरुंगात पाठवायचं नाही, पाठवायचंच झालं तर अधिकाऱ्याचा अहवाल मागवून, बघून, कारणं लिहून पाठवायचं. आणि हे वय गुन्ह्याच्या दिवशीचं धरत नाहीत. साठच्या दशकाच्या सुरुवातीला रामजी मिसर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की कोर्ट ज्या दिवशी आरोपीचा निकाल लावतं त्या दिवशीचं वय बघायचं. म्हणजे तारखा लांबल्या की मुलगा संरक्षणातून वयाने बाहेर पडतो, त्याचा काही दोष नसताना. इथे फेब्रुवारी संपत आला होता आणि १ जूनला तो एकवीस पूर्ण करणार होता. मधे उन्हाळी सुट्टी. एक साहेब रजेवर गेले, एक बदली झाली, की संपलं. मी रविवारी बसून निम्मा अहवाल लिहून ठेवला. घरचे हसले, पण मला थांबवेना.

मंगळवारी तो वेळेच्या आधीच आला होता. बाहेर बाकावर आई आणि तो, दोघांच्या मधे एक कापडी पिशवी. अंगाने किरकोळ, शर्ट इस्त्रीचा, बहुतेक दुसऱ्या कुणाचा, खांद्यात सैल. आत येऊन खुर्चीच्या कडेवर बसला आणि त्याची नजर माझ्यावर नव्हे, टेबलावरच्या फाइलवर गेली. मी ती मुद्दाम बंद ठेवली होती. पाणी दिलं. म्हटलं, ‘मी ही सगळी वाचली आहे. चोरी कशी केलीस ते तू मला पहिल्यापासून सांगायची गरज नाही.’

‘सगळी वाचली, मॅडम?’

‘सगळी.’

‘शेठचं पण?’

‘ते सगळ्यात आधी.’

त्याने मान खाली घातली. आतापर्यंत ज्यांच्यासमोर तो बसला त्या प्रत्येकाला त्याच्याकडून काहीतरी वदवून घ्यायचं होतं. इथे सगळं आधीच माहीत आहे म्हटल्यावर त्याला लपवण्याचेही कष्ट उरले नाहीत. मग तो बोलला. लग्नात वाढपी म्हणून जायचा, हे मी विचारायच्या आधीच आलं. ओळखपत्राचं विचारलं तेव्हा त्याला आश्चर्य वाटलं की ते कुणाच्या लक्षात आलं. म्हणाला, ‘रात्री गाडीने अडवलं की दाखवायला. आधार आई देत नाही, हरवशील म्हणते. शाळेचं बघून एकदा सोडलं होतं.’ शाळा सुटून तीन वर्षं झालेल्या मुलाने ते कार्ड खिशात वागवलं ते एवढ्यासाठी. आणि ‘अशिक्षित’? हवालदाराने ‘शिकलायस का काही’ असं विचारलं तेव्हा हा गप्प राहिला होता. का, तर ‘दहावी झाली नाही ना, मॅडम.’ नऊ वर्षं शाळेत काढून, इतकी सुंदर सही करून, हा मुलगा स्वतःला न शिकलेला समजत होता. हवालदाराने त्याचं मौन तेवढं लिहून घेतलं.

पैशांचं काय केलं ते ऐकून मात्र मला वाईट वाटलं, आणि ते वाईट वाटणं दया येण्यासारखं नव्हतं. आईचं आजारपण नव्हतं, घरभाडं थकलेलं नव्हतं. मोबाइलवर रमी खेळून हरला होता, ते फेडायला पहिला फोन. उरलेल्यात बूट आणि मित्रांना हॉटेलात जेवण. त्याने ते जसं होतं तसं सांगितलं, सारवासारव न करता. बाहेर बसलेल्या आईला बूट भावाने दिलेत असंच अजून वाटत होतं. मी अहवालात ते लिहिलं, रमी, बूट, जेवण, सगळं. ज्याची कहाणी ऐकून गहिवर येतो त्यालाच परिवीक्षा मिळावी असं कायद्यात कुठेही म्हटलेलं नाही, आणि तसं असूही नये. एकोणीस वर्षांचा मुलगा बुटांसाठी चोरी करतो, तेव्हा तो सुधारायच्या पलीकडे गेलेला नसतो. हे मी तितक्याच ठामपणे लिहिलं.

चावीबद्दल त्याने स्वतःहून सांगितलं. परत द्यायला दोनदा दुकानापर्यंत गेला होता, समोरच्या फुटपाथवर उभा राहिला आणि वळला.

पुढचं थोडक्यात सांगते. घरी जाऊन आले. सातव्या मजल्यावरची खोली, लिफ्ट बंद, लहान बहीण आठवीत. दहावीला बाहेरून बसायचा सतरा नंबरचा फॉर्म त्याला माहीत नव्हता, तो समजावला. अहवाल वेळेत दिला, शाळेच्या रजिस्टरचा उतारा जोडून. तारीख एकदा पुढे गेली तेव्हा माझा जीव टांगणीला लागला, पण एप्रिलमध्ये आदेश झाला: चांगल्या वर्तणुकीचा दोन वर्षांचा बॉन्ड, एक वर्ष आमच्या देखरेखीखाली, आणि न मिळालेल्या फोनचे ११,५०० रुपये कलम ५ खाली दुकानदाराला हप्त्याने. कोर्टाबाहेर आई माझ्या पाया पडायला वाकली, तिला मी वरच्या वर धरलं. मुलगा वकिलांना विचारत होता की पहिला हप्ता कुठे भरायचा.

दुकानदार मात्र समाधानी नव्हता. तीन दिवसांनी ऑफिसला आला. चौकशीच्या वेळी मी त्याला दुकानात भेटले होते तेव्हा तो फारसं बोलला नव्हता, हातातल्या फोनचे स्क्रू काढत राहिला होता. आता समोर बसून सरळ म्हणाला, ‘मॅडम, त्याच्या घरी गेलात, त्याच्या शाळेत गेलात. माझ्याबद्दल त्यात काय लिहिलंत?’ अहवाल मी त्याला दाखवू शकत नव्हते, तसं सांगितलं. पण म्हटलं, तुम्ही जबाबात जे दोन शब्द बोलला होता, डब्याचे आणि चावीचे, ते साहेबांनी वाचलेत, एवढं मी सांगते. तो थोडा वेळ गप्प बसला. म्हणाला, गिऱ्हाइकांना मी माझ्या खिशातून भरले, ते वेगळेच. मी ते लिहून घेतलं. आदेश झाल्यावर त्याने काही फरक पडणार नव्हता, तरी देखरेखीच्या नोंदवहीत त्याला जागा आहे आणि मुलाशी पुढच्या महिन्यात बोलताना मला ते लागणार होतं. जाताना दारात थांबून त्याने विचारलं, हप्ता कोर्टात भरणार की दुकानात आणून देणार. म्हटलं, कोर्टात. ‘बरं आहे,’ म्हणाला, ‘दुकानात नको अजून.’